सरकारचा रोज माझ्याच रानात

आमच्याकडं बायकांचा रोज बायकांना इचारून कवाच ठरला न्हाई. गणपती पान्यात ग्येलं की बाप्ये मारुतीच्या पारावर बसायचे, यंदा शेंगा काढायला बाईला काय द्यायचं त्ये ठरवायचे आन् पान थुकून घरला जायचे. कुनाचं खोंड हारवलं तर गावात दवंडी. देवी टोचायला डाक्तर आला तर दवंडी. रोजाची दवंडी म्या जलमात ऐकली न्हाई.

माझं मालक पल्टनीत व्हतं, तितंच ग्येलं. त्या वरसापास्नं रान माझ्या अंगावर पडलं. कुंडलच्या वरल्या अंगाला, मुरमाड, पावसावरचं. भुईमूग हेच काय त्ये पीक. शेंगा घरात आल्या तर वरीस निघायचं, न्हाईतर दुसऱ्याच्या बांदावर पाटी घिऊन हुभं ऱ्हायचं. मला पारावर कोन बोलवतंय? पर तितला रोज मलाबी पाळायला लागायचा. माझं चुलत दीर वयानं माझ्याहून ल्हान, पर नदीकाठाला त्येंचा ऊस मोप, गावात शबूद चालायचा. त्ये दारात येऊन उंबऱ्याभायरनंच सांगायचं, "वैनी, यंदा एवढा. वर काय द्यायचं न्हाई. तुमी हात सैल सोडला की समद्यांच्या बायका बिघडत्यात."

बिघडत्यात म्हनं. बाई काय दूध हाय व्हय?

माझं म्हायेर माणातलं. लगनाआदी आईसंगं मी ह्याच मुलखात शेंगा तोडायला यायची. दिस बुडंपत्तोर वाकून पात धरायची, आन् मालक म्हनल त्यो रोज घिऊन आय गप निघायची. म्हंजे घेनाऱ्याचा हात मला ठावा व्हता. आता देनाऱ्याचा हात माझा झाला, तर त्योबी दुसऱ्यानंच धरून ठिवलेला.

मोठा दुष्काळ सरला त्येच्या मागची ही गोष्ट. मालकांच्या पेन्शनीपायी मला तासगावच्या कचेरीत हेलपाटं पडायचं. आसंच एकदा भितीला कागद डकवलेला दिसला. मला अक्षर कळतं, पर जोडाक्षराला आडतंय. शिपायाला म्हनलं, "बाबा, काय लिवलंय ह्येच्यात?"

"शेतमजुरीचा दर हाय मावशे. ह्येच्या खाली दिला तर गुन्हा."

"गुन्हा कुनाचा?"

"देनाऱ्याचा. तू देतीस का घेतीस?"

"देती."

"मंग तुझा," म्हनला आन् हसाय लागला.

मला काय हसू आलं न्हाई. दर आयकला तर आमच्या पारावरच्या रोजाच्या लय वर. म्हंजे आमी समदं गाव गुन्हेगार, आन् आमाला सांगायला कोन आलं न्हाई. घरला आले ती तशीच दिराकडं ग्येले.

"भावजी, आपन देतोय त्यो रोज लय कमी हाय. सरकारनं वाढवलाय."

"सरकार येतंय का शेंगा उपटायला?"

"तुमीबी कुटं येता?"

"तोंड आवरा वैनी. दादा आसता तर तुमी आसं बोलला नसता."

"दादा आसतं तर मी तासगावला कशाला ग्येले आसते?"

त्येंनी तंबाखू मळली आन् आत निघून ग्येलं. म्या त्या वरसाला भितीवरचा रोज दिला. पयल्या सांजंला टोळीची म्होरकी हातातलं पैसं उलटंपालटं करून बगाय लागली.

"आवं काकू, चुकून ज्यादा दिलं जनू. उद्या परत मागाल."

"न्हाई मागत. सरकारचा रोज हाय त्यो."

"सरकारला पोरगं झालं काय गं बया, पेढं वाटतंय त्ये!"

समद्या बायका खदाखदा हसल्या. दुसऱ्या दिशी माझ्या रानात बाया मावंनात. आन् दिराच्या रानातल्या बाया आपल्या मालकाला इचाराय लागल्या, का हो, तितं एवढा आन् हितं एवढाच का?

त्येच्यावर पारानं काय केलं बगा. कुनी न्हाई म्हनलं न्हाई. रोजच बंद केला. आता वाट्यानं काढा म्हनलं, तोडाल त्येच्यातला वाटा घिऊन जावा. वाटा ही आमची जुनी रीत, त्यात वंगाळ काय न्हाई. पर ह्येंनी वाटा बारीक केला आन् पाटी मोठी केली. मालकाची पाटी हादळून, दाबून, वर शीग लावून भरायची. बाईची पाटी पोकळ सोडायची. रोज न्हाई म्हनल्यावर सरकार मोजनार काय? शेंगा?

आन् माझ्या बायांना निरोप ग्येला, त्या वैनीच्या रानात ग्येलीस तर आमच्या बांदाला इळा लावायचा न्हाई. ज्या बाईला जमीन न्हाई तिची शेरडं दुसऱ्याच्या बांदावरच जगत्यात. माझ्या मुरमाड बांदावर कुसळंबी धड उगवत न्हाईत. म्होरकी मागल्या दारानं आली, हुभ्या हुभ्याच बोलली.

"काकू, तुमचा रोज लय ग्वाड. पर शेरडीला खायला घालता येत न्हाई त्यो."

"तुजं काय चुकलं न्हाई," म्या म्हनलं. काय म्हननार? रोज देनारी मी, आन् गवत त्येंचं. आजूनबी आठवलं की टाळकं तापतंय. बाप्ये समोर येऊन भांडलं न्हाईत, शेरडाच्या तोंडाम्होरनं गवत काढून घ्येतलं. ह्याला मरदानगी म्हनत्यात आमच्याकडं.

रान वाळत चाललं. भुईमुगाची भुई टनक झाली की येल हातात येतोय आन् शेंगा मातीतच ऱ्हात्यात. मी एकलीनं उपटून किती उपटनार? शेवटाला म्हसवडच्या एश्टीच्या कंडाक्टरकडं म्हायेराला निरोप धाडला. माझा धाकला भाऊ ममईला गिरनीत. त्येची बायकू, माझी भावजय, वाडीतल्या बाया घिऊन एश्टीनं उतरली. गोठ्यात त्येंची पथारी टाकली. माणातल्या बाया त्या, कामाला वाघिनी. सांजंला समद्यांना रोज दिला. भावजयीनं हात मागं घ्येतला.

"माझा नगं वन्सं."

"का गं?"

"लेकीच्या घरचा पैसा म्हायेरानं खायाचा आसतोय व्हय? तुमच्या भावाला कळलं तर हुभी चिरंल मला. मी मजुरीला न्हाई आले, माझ्या वन्संच्या रानात आलेय."

आमच्याकडं ही रीतच हाय. म्याबी आडवलं न्हाई. खरं सांगायचं तर जीव सुपाएवढा झाला. आख्ख्या गावानं टाकलं, पर म्हायेर पाठीशी हाय म्हनलं. जाताना तिला लुगडं नेसवायचं मनात धरलं.

आर्दं रान निघालं आन् जीप आली. मजुरी तपासनारा सायब. आदी चावडीवर ग्येला. दुपारचं दिराच्या घरी जेवला. रोजानं बाया कुनाकडं हायत म्हनून इचारलं तर समद्यांनी एका तोंडानं सांगितलं, "आमच्याकडं न्हाईत सायब, आमचं वाट्यानं. रोजानं फकस्त त्या वैनीकडं." एवढ्या गावात गुन्हेगार म्हनून हुडकून मीच सापडले. जीप माझ्या बांदाला हुभी ऱ्हायली.

"बाई, रोज काय देता?"

म्या छाती फुगवून सांगितला.

"हा दर जुना झाला. नवीन लागू झालाय."

"कवा?"

"गॅझेटमध्ये आलंय."

"त्ये कुटं आसतंय? एश्टीनं येतंय का बैलगाडीनं? म्या तासगावच्या भितीवरचा दर देती सायब."

"तिथला कागद बदलायचा राहिला असेल."

"मंग दंड भितीला करा."

सायबाच्या मिशीत हसू आलं, पर कागद काय ठिवला न्हाई. एकेका बाईला रोज इचारत चालला. भावजयीपाशी आला तशी तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, ताठ झाली आन् पारावरच्यांना आयकू जाईल आसं म्हनाली, "मी एक दमडी घेत न्हाई!"

तिला वाटलं आपन वन्संची अब्रू वाढवतोय.

सायबानं माझ्याकडं बगितलं. "बिनमजुरीनं राबवता? याला वेठ म्हणतात, बाई."

वेठ! माझ्या तोंडावर म्हनला. आईच्या मागनं ज्या मुलखात राबले तितंच मला वेठ घेनारी ठरवली.

"आवं सायब, माझी भावजय हाय ती. आमच्यात लेकीच्या घरचं घेत न्हाईत."

"नात्यातली असली तरी ती तुमच्या घरात राहत नाही. रानात काम केलं, मजुरी पाहिजे. माझ्यासमोर द्या, नाहीतर खटला होईल, सांगलीला यावं लागेल."

"आन् शेजारच्या रानातली पाटी बगा की वाईच. दाबून भरत्यात ती."

"वाट्याचं माझ्याकडं येत नाही."

सांगलीच्या कोरटात मी चकरा मारल्या आस्त्या तर शेंगा काढनार कोन? एक एक दिस भुई आवळत व्हती. घरातनं पैसं आनलं. नव्या दरानं समद्या बायांचा फरक दिला. मंग भावजयीम्होरं हात केला.

"घे."

"न्हाई वन्सं. आसं करू नगा. म्हायेराला तोंड कसं दावू?"

"शेंगा मातीत जात्यात माझ्या. घे म्हनती न्हवं."

"वन्सं..."

"मी हितं वन्सं न्हाई. मी मालकीन हाय. घे."

माझ्या तोंडातनं ग्येलं त्ये. तिनं रानाकडं बगितलं, निम्मं आजून तसंच हुभं व्हतं. हात पुडं केला आन् तोंड फिरवलं. सायबानं तिचा आंगठा घ्येतला, जीप धुरळा उडवत ग्येली. दीर बांदापल्याड छत्री घिऊन हुभं व्हतं. जीप दिसंनाशी झाली तशी छत्री मिटून घरला ग्येलं.

समदं रान निघालं. एक शेंग मातीत ऱ्हायली न्हाई. निघायच्या दिशी म्या लुगडं काढलं, तर भावजय म्हनाली, "मजुरी मिळालीया की." पिशवी उचलून एश्टीत बसली.

दिवाळीला भाऊ ममईस्नं गावी आला व्हता आसं कळलं. बीजेला माझ्याकडं आला न्हाई. म्या ताट करून ठिवलं व्हतं.

म्होरल्या साली गणपतीआदीच सांगली गाठली. कारकुनाला म्हनलं, आत्ता ह्या घडीला कुटला दर चालू हाय त्यो सांगा, उद्या बदलनार आसंल तर उद्याचाबी सांगा. त्यो म्हनला, "मावशी, दर इचारत आलेली मालकीन तू पयलीच." हासायला काय जातंय त्येला. माणात पाऊस न्हवता, त्या बाया आल्या. भावजयबी आली त्येंच्यासंगं. सांजंला रांगंत हुभी ऱ्हायली, आपनहून हात पुडं केला. म्या चालू दरानं रोज दिला. तिनं त्यो पदराच्या गाठीला बांदला.

"मालकीनबाई," म्हनाली, "उद्याला कुटल्या कडंनं लागायचं?"

म्या हात करून दावलं.