लॉकलनचा कान

केप ब्रेटन बेटावर रेकॉर्ड प्लेअर बिघडला की लोक लॉकलन मॅकएकर्नचं दार ठोठावत. थाळीचा वेग तपासायची ठिपक्यांची चकती त्याने कधी वापरली नाही. "देवाने कान दिलेत ना!" म्हणायचा. चाळीस वर्षं त्या कानांनी त्याला दगा दिला नव्हता.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी मोरॅग गिलिस आजोबांचा जुना प्लेअर घेऊन आली. आजोबा गेले, पण त्यांचं व्हायोलिन एका रेकॉर्डवर होतं. त्याच्या जोडीने वाजवत ती त्यांच्या चाली शिकत होती.

"लॉकीकाका, आजोबांना मध्येच डुलकी लागते बघा."

"जिवंतपणीही लागायची."

दोष साधा होता. मोटरचा फेर थाळीला देणारं रबरी चाक कडक होऊन घसरत होतं. त्याने ते स्पिरिटने पुसलं, कड पॉलिश पेपरने खरबरीत केली, वाळलेलं ग्रीस खरवडून थेंबभर तेल सोडलं. थाळी एकसारखी फिरू लागली.

पण सूर चढा लागत होता. अगदी केसभर. गेल्या रविवारी चर्चचा ऑर्गनही चढा वाटला होता, आणि वाजवणाऱ्या बाईला त्याने तसं सुनावलंही होतं. ते आठवून त्याचा हात थांबला.

"चकती ठेवून बघ की," बायको पेगी दारातून म्हणाली.

"तू तुझ्या केकचं बघ."

मोटर चालू ठेवून त्याने तिच्या पितळी दांड्यावर बारीक कानस टेकवली. दांडा बारीक झाला की वेग उतरतो, आणि वेगाबरोबर सूरही. पिवळी भुकटी बोटांवर पडत राहिली. घासलेलं पितळ परत चढत नाही, आणि तसला दांडा आता कुठे मिळत नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्लेअर न्यायला आलेल्या मोरॅगने नादकाट्यावर व्हायोलिन जुळवलं, रेकॉर्डबरोबर चार स्वर वाजवले आणि थबकली. "काका, आजोबा उतरलेत."

"तुझंच व्हायोलिन चढलंय."

"आणि हा काटा? तोही चढला?"

त्याने काटा हिसकावून टेबलावर आपटला, उजव्या कानाशी धरला. मग डाव्या. पुन्हा उजव्या. एकाच काट्याचे दोन सूर येत होते.

मोरॅग काहीतरी बोलत होती. लॉकलनचं लक्ष नव्हतं. त्या महिन्यात त्याने आणखी तीन दांडे घासले होते. ते प्लेअर कुणाकुणाच्या घरी वाजत असतील, हे त्याला नावानिशी आठवत होतं.