एकही पुस्तक हरवलं नाही

कॉलेजात तिला सगळे किल्लीबाई म्हणायचे. तोंडावर नुसतं ‘बाई’, पाठ वळली की किल्लीबाई. कमरेला सत्तावीस किल्ल्यांचा जुडगा. ती जिन्याच्या खालच्या पायरीवर असतानाच वर व्हरांड्यात खुळखुळ ऐकू यायची आणि कळायचं, ग्रंथालय उघडतंय. सत्तावीस किल्ल्या, सत्तावीस कपाटं, त्यांत एकवीस हजार चारशे सहा पुस्तकं. कपाटं काचेची नव्हेत, पत्र्याची. आत काय आहे ते एक किल्लीबाईला ठाऊक, नाहीतर कसरीला.

वाचणाऱ्याने आत यायचं नाही अशी तिथली रीत. भिंतीत हातभर रुंदीची खिडकी होती. तिथे चिठ्ठी द्यायची. बाई आत जाणार, कपाट उघडणार, पुस्तक काढणार, कपाट लावणार, कुलूप ओढून बघणार, मग पुस्तक खिडकीतून बाहेर. ही रीत काही तिने काढलेली नव्हती. ती रुजू झाली त्या आठवड्यात आधीचे ग्रंथपाल निवृत्त झाले. मोजदादीत एकशे नव्वद पुस्तकं कमी भरली आणि म्हाताऱ्याचं पेन्शन अडकलं. जाताना जुडगा तिच्या हातावर ठेवून ते म्हणाले, “पोरी, पुस्तक कुणी वाचलं नाही म्हणून आजवर कुणाची नोकरी गेलेली नाही. हरवलं की जाते. एवढं ध्यानात ठेव, बाकीचं सगळं पुस्तकात आहे.”

तिने एकोणीस वर्षं ध्यानात ठेवलं. आणि आता नोकरी तशीही जाणारच होती.

“बाई, आपलं कॉलेज पलीकडच्या मोठ्या कॉलेजात मिळवलंय,” प्राचार्यांनी बोलावून सांगितलं. “तिकडे ग्रंथपाल आहे. या खोलीत कॉम्प्युटर मांडायचेत. सत्र संपेपर्यंत तुम्ही आहात.” सत्र संपायला सात महिने होते. शहरात दुसरीकडे जागा निघाली तरी जाहिरातीआधी कुणाच्यातरी भाच्याची वर्णी लागलेली असायची. बाईचं वय चव्वेचाळीस, लग्न राहून गेलेलं. लाँड्रीच्या माडीवर दोन खोल्या, त्यात ती आणि थोरली बहीण अक्का. अक्काचा नवरा गेल्यापासून ती इथेच, शिलाई मशीनवर वाकलेली.

“जगात काय याच गावात पुस्तकं आहेत होय गं?” अक्का दातांतली टाचणी काढत म्हणाली. “खालच्या लाँड्रीवाल्याची सून परदेशात जाऊन म्हाताऱ्यांची दुपटी बदलते, आणि तू दोन पदव्या घेऊन इथे डांबरगोळ्या मोजत बसलीयेस.”

“मी गेले तर तुझं काय?”

“माझं काय व्हायचंय? गुडघे दुखतात ते तू असलीस तरी दुखतातच. वर्षभराने ने मला तिकडे. गोऱ्यांच्या विजारी आखूड करीन.”

म्हणून किल्लीबाई परदेशातल्या नोकऱ्या शोधायला बसली. शोधणं कसं, तर ग्रंथपालासारखं. पूर्वी पुस्तकांची सूची कार्डांवर असायची, खालच्या कडेला भोक, त्यातून ओवलेली सळई. मग कॉम्प्युटर आला, काम अर्ध्यात थांबलं, आणि कोऱ्या कार्डांचे बारा गठ्ठे पडून राहिले. बाईने एकेका नोकरीचं एकेक कार्ड केलं. देश, गाव, ग्रंथालय कुणाचं, पदवी कुठली, वयाची अट, भाषा, थंडी किती, भाडं पगाराचा किती भाग खाणार, शेवटची तारीख. चार महिन्यांत एकशे त्रेचाळीस कार्डं झाली. पुस्तकाची जशी ती आवृत्ती तपासायची, प्रकाशक खरा की बनावट बघायची, तशीच जाहिरात उलटीपालटी करून बघायची. एका दलालाच्या पत्रकात ग्रंथालयाचा फोटो होता. तोच फोटो तिने आणखी दोन देशांच्या पत्रकांत पकडला, तिन्हीत भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं. ती तिन्ही कार्डं ‘लबाड’ या मथळ्यामागे गेली. एका बेटावरची जागा फार गोड वाटली, पण फोन लावला तर कळलं, ते ग्रंथालय सहा वर्षांपूर्वी वादळात गेलंय, जाहिरात तेवढी मागे राहिलीय. तिचा मथळा ‘मेलेली’. वाळवंटातल्या एका शाळेने होकारच पाठवला होता, राहायला खोलीसुद्धा. फक्त पासपोर्ट संस्थेच्या तिजोरीत ठेवावा लागेल, सुरक्षिततेसाठी.

“हे बरं आहे की,” अक्का म्हणाली. “तू पुस्तकं कुलपात ठेवायचीस, ते तुला ठेवतील.”

बाईने त्या कार्डावर लिहिलं, ‘कैद’.

बाकीची बहुतेक पदवीवर अडली. तिच्या दोन पदव्या मिळून तिकडची एक पदविका होते, असं कागद तपासणाऱ्या संस्थेने कळवलं होतं. उरलेली वयावर अडली. पंचेचाळिशीच्या आत, असं जवळजवळ प्रत्येक जण लिहायचा, आणि तिच्या पंचेचाळिशीला चार आठवडे होते. सळई काढून एकशे बेचाळीस कार्डं मागे सारली, तेव्हा पुढे एकच राहिलं. उत्तरेकडच्या थंड किनाऱ्यावरचं छोटं गाव. गावकीचं ग्रंथालय, पदविका चालेल, अनुभव हवा. त्यांचं पत्र आलं: मुलाखत घेऊ, सोमवारी, तुमच्याकडचे सकाळचे अकरा.

अक्काने त्याच दिवशी ट्रंकेतलं नवऱ्याचं जाड सुटाचं कापड काढलं आणि कोट बेतायला घेतला. “आत चोरखिसा लावते,” ती म्हणाली. “तुझ्या जुडग्यासाठी. तिकडे थंडीत लोखंड अंगाला लागलं तर चटका बसेल.”

सोमवारी शिपाईमामा व्हरांड्यात स्टूल टाकून बसले, कुणी आवाज करू नये म्हणून. मामा तिच्याबरोबरच रुजू झालेले, पुढच्या वर्षी सुटणारे. आत कॉम्प्युटरवर तीन चेहरे उगवले. मधोमध पांढऱ्या केसांची, चष्मा कपाळावर चढवलेली बाई, एका बाजूला टकला गृहस्थ, दुसऱ्या बाजूला कुणीतरी नुसतंच लिहून घेणारं. परकी भाषा असली तरी किल्लीबाई अडखळली नाही. वर्गीकरण सांगितलं, सूची सांगितली, कसरीचा बंदोबस्त सांगितला. टकल्याने मान डोलावली. मग पांढऱ्या केसांच्या बाईने विचारलं, “तुमच्या कामातल्या कुठल्या गोष्टीचा तुम्हाला सगळ्यांत जास्त अभिमान वाटतो?”

या प्रश्नाची तर ती एकोणीस वर्षं वाट बघत होती. इथे कुणी कधी विचारलाच नव्हता. ती ताठ बसली.

“एकवीस हजार चारशे सहा पुस्तकं,” ती म्हणाली. “एकोणीस वर्षं. एकही पुस्तक हरवलं नाही.”

टकला कौतुकाने हसला. “आमची दरसाल सहाशे जातात. तुम्ही हे करता तरी कसं?”

मग काय, तिने सगळं सांगितलं. खिडकी, चिठ्ठी, सत्तावीस कपाटं. जुडगा उचलून कॅमेऱ्यापुढे वाजवूनसुद्धा दाखवला.

“म्हणजे वाचक आत येत नाहीत?”

“छे! कुणीच नाही.”

“मग आपल्याला कुठलं पुस्तक हवंय, हे त्यांना कळतं कसं?”

“यादी आहे ना. मागितली तर देते.”

पांढऱ्या केसांच्या बाईने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. “गेल्या वर्षी किती पुस्तकं वाचायला बाहेर गेली?”

आकडा किल्लीबाईला तोंडपाठ होता, आणि खोटं सांगायची सवय नव्हती. “तीनशे बारा.”

“महिन्याला?”

“वर्षाला,” ती म्हणाली, आणि म्हणताम्हणता तिचा हात जुडग्यावर थांबला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या बाईच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं. आजाऱ्याला भेटायला आल्यासारखी ती बघत होती. एवढी पुस्तकं आणि तीनशे बारा. हा हिशेब बाईने स्वतः दरवर्षी लिहिला होता, पण दोन आकडे कधी शेजारीशेजारी ठेवले नव्हते.

नकाराचं पत्र आठव्या दिवशी आलं. भाषा मऊ, दगडाला तूप लावल्यासारखी. ‘आपला अनुभव पुस्तकं जपण्याचा आहे. आम्हाला ती लोकांच्या हाती देणारी व्यक्ती हवी आहे.’

अक्काने दोनदा वाचून घेतलं. “म्हणजे काय गं? चार चोऱ्या झाल्या असत्या तर नोकरी लागली असती?”

“हो.”

“मग मेली ही कसली नोकरी!” असं म्हणून अक्का हसायला गेली, पण हिचा चेहरा बघून मशीनकडे वळली. दुसऱ्या दिवशी बाई घरी आली तेव्हा अक्का खिडकीपाशी बसून कोट उसवत होती. कापड चांगलं होतं, एका गिऱ्हाइकाला जाकीट हवं होतं. चोरखिसा तिने बाजूला काढून ठेवला होता.

त्या आठवड्यात किल्लीबाईची पंचेचाळिशी झाली. दुसऱ्या सकाळी तिने सत्तावीसच्या सत्तावीस कपाटं उघडली, दारं भिंतीला टेकवली, ग्रंथालयाचं दार सताड केलं आणि खडूने पाटीवर लिहिलं, ‘आत या’.

“बाई, डोकं ठिकाणावर आहे ना?” मामा धावत आले. “चोरी होईल!”

“होऊ दे.”

“अहो, शेवटचे दोन महिने राहिलेत. त्या म्हाताऱ्यासारखं पेन्शन अडकेल तुमचं!”

“अडकू दे, मामा.”

एक तरी पुस्तक कुणाला चोरावंसं वाटावं, एवढंच तिचं आता मागणं होतं. पोरं यायची, उघड्या दाराजवळ थबकायची आणि सवयीने शेजारच्या खिडकीत चिठ्ठी धरायची. “आत या की,” ती म्हणायची. “नको बाई, इथेच द्या.” दोघी पंख्याखाली डबा खायला आत आल्या. एकाने विचारलं, “बाई, मोबाइल चार्जिंगला लावू?” ती मुद्दाम तासतासभर उठून व्हरांड्यात जायची. परत येऊन बघायची, तर पुस्तकांच्या रांगा दात न पडलेल्या तोंडासारख्या, अखंड.

सत्र संपलं, पोरं गावोगाव गेली. मोठ्या कॉलेजाला ताबा द्यायचा म्हणून शेवटची मोजदाद. बाई एकटीच मोजत होती. तिसऱ्या दिवशी, चौदाव्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर बोटभर फट दिसली. तिने वही बघितली. पुन्हा फळी बघितली. मागे पडलंय का म्हणून हात घालून बघितला. नव्हतं. घरच्या घरी दुर्बीण कशी बनवावी, यावरचं एक पातळ पुस्तक. एकोणीस वर्षांत एकदाही न मागितलेलं.

बाई स्टुलावर बसली. कुणीतरी न्यावंसं वाटून नेलं होतं. आता कुठल्यातरी गच्चीवर कुणीतरी काच घासत बसलं असेल. सात महिन्यांत पहिल्यांदा तिला पोटभर श्वास आला. ‘हरवलेली’ या रकान्यात तिने पेन्सिलीने हलकेच ‘एक’ लिहिलं.

मामा चहा घेऊन आले. त्यांनी वहीत डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “अरे देवा, घाबरलात ना बाई! दुर्बिणीचं ना? ते माझ्या पेटीत आहे.”

“तुमच्या पेटीत?”

“महिना झाला. आपल्या वर्कशॉपात शिकणारी एक पोरगी, जॅकेटखाली दडवून फाटकातून चालली होती. मी बरा सोडीन! अडवलं. म्हटलं, आमच्या बाईंचं एक पान गेलेलं नाही एकोणीस वर्षांत. रडली, पाया पडली. पुन्हा वाचनालयाची पायरी चढणार नाही म्हणाली, तेव्हा सोडली. तुम्ही कपाटं उघडी टाकलेली, म्हणून मीच ठेवलं कुलपात.”

“नाव काय तिचं?”

“मी कशाला नाव विचारतोय? लहान आहे, म्हटलं जाऊ दे.” मामा जाऊन पुस्तक घेऊन आले आणि बाहीने पुसून तिच्यापुढे धरलं. बाविसाव्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. “घ्या. नाव राखलं बघा तुमचं.”

बाहेर व्हरांडा रिकामा होता. मामा उभे होते, शाबासकीची वाट बघत.

“बरं केलंत, मामा,” ती म्हणाली.

तिने कोपरा सरळ केला नाही. पुस्तक तसंच फटीत सरकवलं, चौदावं कपाट लावलं, कुलूप ओढून बघितलं. मग रबराने तो ‘एक’ खोडला, वर फुंकर मारली, आणि त्या जागी शाईने लिहिलं: निरंक.