यंत्र चालू आहे

फौंड्रीच्या मालकाचा सूड घ्यायचा, हे मी ठरवलं तेव्हा तो माझ्याशी बोललाही नव्हता. बोलला होता आप्पांशी, माझ्या वडिलांशी. कोल्हापूरच्या कडेला आमची वसाहत, शेजारी त्याची फौंड्री आणि मध्ये चिंचेच्या झाडांची रांग. ती होती म्हणून भट्टीची काळी धूळ निदान थोडी तरी अडायची. शेड वाढवायला त्याला झाडं तोडायची होती. बदल्यात त्यानं हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेणारं यंत्र आणलं होतं. आप्पा वसाहतीच्या सभेत हरकतीचं पत्रक घेऊन उभे राहिले, तर तो म्हणाला, "पावणं, आमचं मशीन हवा साफ करतंय. तुमचा कागद भजी गुंडाळायला बरा हाय की!"

सगळे हसले. आप्पाही कसंनुसं हसले. ते मला सहन झालं नाही.

मी आप्पांच्या पत्रकांवरच वाढले. 'कमळ' लिहायच्या आधी मला 'जाहीर निषेध' लिहिता येत होतं. पण निषेधानं या माणसाचं काही वाकडं होणार नव्हतं. म्हणून मी त्याच्या यंत्राच्याच मागे लागले. मिळेल ते वाचलं. तंत्र खोटं नाही. पंखे हवा आत ओढतात, गाळणीत कार्बन डायऑक्साइड अडकतो, गाळणी तापवली की तो सुटा होतो. काही देशांत तो खडकात खोल सोडतात, तिथं त्याचा दगड होतो. काम अजून महाग आहे, थोडंच होतं, पण पुढं सरकतंय. ते प्रामाणिकपणे करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. म्हणूनच याचा संताप जास्त.

कारण इथं गाळणी तापायची डिझेलच्या जनरेटरवर. आणि पकडलेला गॅस? एका सकाळी मी सिलिंडरच्या टेम्पोमागं स्कूटर घातली. हुपरीच्या रस्त्यावर एका सोड्याच्या कारखान्यात ते उतरले. बाहेरच्या टपरीवर मी त्याच सोड्याची बाटली घेतली. फस्स झालं. हवेतून काढलेला गॅस परत हवेत, उरलेला माझ्या ढेकरेतून.

हे सगळं मी पत्रकात लिहिलं आणि वर मोठ्या अक्षरांत मथळा दिला : यंत्र चालू आहे! कोल्हापुरात एखाद्याला 'लई चालू हाय' म्हटलं की तो कामसू आहे असं कुणी समजत नाही.

मालकानं मात्र मथळ्याखालची एकही ओळ वाचली नाही. त्याला वाटलं, पोरगी शरण आली. झाडांच्या पाहणीला अधिकारी येणार त्या दिवशी त्यानं गेटवर केवढा तरी फ्लेक्स लावला : 'विरोधकही म्हणतात, यंत्र चालू आहे!'

साहेब गाडीतून उतरले, तेव्हा अख्खी वसाहत फ्लेक्सखाली तोंडाला पदर, रुमाल लावून उभी होती.

"हसताय का?" साहेबांनी विचारलं.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "खरं लिवलंय की साहेब. मशीन चालू हाय. मालकापरीस जरा कमी, पण हाय!"

साहेबांनी पत्रक मागून घेतलं आणि तिथंच उभं राहून शेवटपर्यंत वाचलं. मग मालकाला विचारलं, "सिलिंडर कुठं जातात?"

सोड्याची बाटली मी पुढं केली.

झाडं तोडायची परवानगी नाकारली गेली. चार दिवसांनी मालक स्वतः आमच्या दारात आला. फौंड्रीतली पोरंही आता त्याला 'चालू शेठ' म्हणत होती.

"ताई, झाडं राहिली की. आता एक खुलासा छापा. खर्च माझा."

"काय छापू? यंत्र चालू न्हाय म्हणून?"

मी त्याला बसायला सांगितलं नाही. उत्तर शोधत तो उन्हात उभा होता आणि मी ते डोळे भरून बघत होते.