बादलीमामाच्या दोन गोळ्या

आमच्या अ‍ॅम्ब्युलन्सवरच्या मदतनिसाला सगळे बादलीमामाच म्हणत. घाटात गाडी वळली रे वळली की मामाच्या मांडीवर बादली आणि बादलीत मामाचं तोंड. पेशंटचे नातेवाईक बिचारे त्याचीच पाठ चोळत. एका आजोबांनी तर मास्क बाजूला करून विचारलं होतं, “आजारी नक्की कोण रे बाबा? तू की मी?”

शेवटी औषधदुकानदाराने त्याला गोळी दिली. “मामा, यात दोन औषधं आहेत. एक मळमळ थांबवतं, पण झापड आणतं. म्हणून जोडीला चहातल्या कॅफिनचा एक चुलतभाऊ घातलाय, तरतरीसाठी.”

“म्हणजे झोपवणारा आणि उठवणारा एकाच खोलीत!”

“उठवणारा अंगाने किरकोळ आहे हो. झोप जरा कमी करतो, घालवत नाही. एकच घ्या.”

मामा एकच घेई. अधूनमधून बादली लागे, जांभया येत, पण काम चोख. ऑक्सिजनच्या सिलिंडरवरचा काटा उतरला की दुसरा सिलिंडर जोडायचा, यात कधी चूक नाही.

मग एका दुपारी गाडीत ताई आली, त्याची थोरली बहीण. दमा पार विकोपाला गेलेला. भावोजी मागे चढू लागले तर मामा म्हणाला, “तुम्ही ड्रायव्हरशेजारी बसा. मागे मी आहे ना!”

आज बादली नको होती. दोन्ही हात ताईसाठी मोकळे हवे होते. त्याने दोन गोळ्या तोंडात टाकल्या.

“मामा, दोन?” ड्रायव्हरने हटकलं.

“अरे, झोप दुप्पट तर तरतरीही दुप्पट. फिट्टंफाट!”

घाट लागला. मळमळ नाही, काही नाही. ताई मास्कखालून धापा टाकत म्हणाली, “आज शहाण्यासारखा बसलायस रे.” मामा हसला. त्याला आठवतं ते एवढंच.

इस्पितळापाशी ड्रायव्हरने मागचं दार उघडलं, तर मामा पत्र्याला डोकं टेकून घोरत होता. काटा शून्यावर. भरलेला सिलिंडर पायाशी तसाच. ताईच्या मुठीत मामाची बाही होती, ओढून ओढून खांद्याशी उसवलेली.

“तसाही फार वेळ उरला नव्हता त्यांच्याकडे,” डॉक्टर म्हणाले. भावोजी मामाशी अजूनही बोलत नाहीत.

मामाने नोकरी सोडली. मामीने एकदा तो सदरा शिवायला घेतला, तर त्याने हातातून ओढून घेतला.

“राहू दे. किती जोर लावला होता तिने, ते दिसू दे मला.”