जोसेफचा झगा

फिलोमावशी गेली हे तिच्या नवऱ्याने, पास्कूकाकांनीच फोनवर सांगितलं. "तुझी मावशी गेली गो... जेवून ये, घाई न्हाय." केबिन रोडवरच्या माझ्या दुकानात मी मशीनवर बसले होते. पाय थांबला तो थांबलाच. मी रत्नागिरीकडची, हिंदू. पण जवळच्याच तारोडी गावच्या चर्चमधल्या नाताळच्या नाटकाचे झगे कित्येक वर्षं मीच शिवतेय. नाटक बसवायची मावशी. माझ्या शिलाईवर तिचा काडीचा भरवसा नव्हता. प्रत्येक झग्याच्या खांद्याला ती स्वतःची एक सेफ्टी पिन टोचायचीच.

मध्ये एका वर्षी चर्चला सॅम्युएल यायला लागला. नायजेरियाचा, ताडमाड उंच, कपड्यांच्या धंद्यातला. तो बसला की अख्खं बाक रिकामं व्हायचं. मावशीचं डोकं फिरलं. "क्रुसापुढं गुडघे टेकतात, नि बाजूला मानूस चालत न्हाय!" असं म्हणून ती त्याला खेटून बसायला लागली. तरी बाक काही भरेना, आणि सॅम्युएल चर्च सोडायच्या गोष्टी करायला लागला. मग मावशीने त्याला नाटकात घेतलं. गोठ्यातल्या बाळाला बघायला येणाऱ्या तीन राजांतल्या काळ्या राजाच्या तोंडाला दरवर्षी तव्याची काजळी फासायचे. यंदा अस्सल राजा मिळाला म्हणून बाई खूश! मापाला माझ्याकडे घेऊन आली. हात पसरून उभा असलेला सॅम्युएल हळूच म्हणाला, "आंटी, काला राजा ही क्यूं? सबसे लास्ट में आता है, दूर खड़ा रहता है, चला जाता है. वो तो मैं हर संडे करता हूं..."

मावशीने राजाच्या मापाचा कागद टरकावला आणि म्हणाली, "जोसेफचं माप घे."

आता जोसेफ, म्हणजे मेरीचा नवरा, व्हायचे कायम पास्कूकाकाच. काकांनी घर डोक्यावर घेतलं. "जोसेफ काय काला व्हता?"

"तू बघितलास त्याला? नि तू रे, होडीवर रापून काय दुधासारखा हायस?"

गावातल्या बायकांनी आपल्या पोरींना मेरी व्हायला पाठवायचं नाकारलं. "मग मी होते!" मावशी म्हणाली. साठी उलटलेली मेरी, शेजारी सॅम्युएल, आणि समोर राजा होऊन फुरंगटलेले काका. काकांनी काजळी मागितली, तर मावशीने डबीच नाल्यात टाकली. "राजासारखा चाल, पुरे." लोक हसून हसून रडले, आणि पुढच्या रविवारी सॅम्युएलच्या बाकावर मावशीलाच जागा मिळाली नाही. त्यावरूनही ती भांडली.

परवा काका जोसेफचा तोच झगा घेऊन दुकानात आले. मला वाटलं, मावशी नाही, म्हणजे आता सगळं पहिल्यासारखं होणार.

"तुमच्या मापाला आखूड करायचा ना, काका?"

"आखूड कशाला? सॅम्युएलचं पोट सुटलंय. बाजूनी सोड जरा."

"आणि मेरी?"

"बायका भांडतायत, कोनाची पोर म्हनून..." काका हसले, आणि हसता हसता रडले. मीही रडले.

झग्याच्या बाजू उसवून सैल केल्या. खांद्यावर मावशीची पिन आहे, थोडी गंजलेली. तिला हात लावला नाही. उगाच वरून ओरडायची.