देखाव्यातलं दार

आमच्या साताऱ्याकडच्या लोकांना गणपतीइतकंच देखाव्याचं वेड. गाव सोडून तुर्भ्याला, मार्केटच्या मागच्या सोसायटीत येऊन दोन पिढ्या झाल्या, तरी ते उतरलं नाही. थर्माकोलचे महाल ज्यांना हवेत त्यांना लखलाभ. आम्हाला जिवंत माणसं लागतात, घामेजलेली, ऐन वेळी सगळं विसरणारी. मागे रेकॉर्ड केलेलं निवेदन, पुढे हातवारे आणि शेवट गोड. शेवट गोड नसेल तर आरती कुठल्या तोंडानं म्हणायची, असं मुकादम विचारतात. मुकादम म्हणजे मार्केटातल्या हमालांच्या टोळीचे प्रमुख आणि आमच्या मंडळाचे तहहयात अध्यक्ष. त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

त्या वर्षी त्यांनी देखाव्याला विषय निवडला माझा धाकटा भाऊ.

भाऊ फौजेत हवालदार. आफ्रिकेतल्या एका देशात शांतिसेनेत गेला होता, निळं हेल्मेट घालून. एकदा रात्री जीव वाचवायला पळालेले गावकरी छावणीच्या दाराशी जमले, एवढंच तो फोनवर आईला म्हणाला होता. आईनं ते जिन्यात सांगितलं, जिन्यातून ते मुकादमांकडे पोचलं आणि तिथे त्याला शेवट मिळाला. जवान दार उघडतो, गावकरी आत येतात, भारतमाता की जय.

खरा शेवट मला कळला तो भाऊ रजेवर आल्यावर, गच्चीत कपडे वाळत घालताना. त्यानं दार उघडलंच नव्हतं.

"वायरलेसवर हुकूम आला, दार बंद ठेवा," तो म्हणाला. "गर्दीतनं बंदूकवाले आत घुसले असते तर आमी समदेच मेलो असतो, आक्का. आमी होतो मूठभर. आन् गोळी आदी समोरनं यायला पायजे, मग आमी चालवायची. तसा नियमच हाय."

"मग?"

"मग काय. सकाळी उघडलं दार."

दाराबाहेर काय दिसलं ते त्यानं सांगितलं नाही आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही. तिथले लोक आता छावणीवर दगड मारत होते. आमच्या रक्षणाला आलात की स्वतःच्या, असं विचारत होते. इकडे टीव्हीवर हीच पलटण वीर होती आणि मोबाइलवर भेकड. चौकशी लागली होती आणि परत गेल्यावर पहिली जबानी भावाची होती, कारण दारावर तोच उभा होता. हुकूम देणारे आता म्हणत होते, असा हुकूम आम्ही दिलाच नाही. आडून निरोप मात्र आला होता: जनरेटरच्या आवाजात दारावरच्या थापा ऐकू आल्या नाहीत, असं सगळ्यांनी सांगायचं. सगळ्यांचंच निभावेल.

"मग ऐकू आलं नाही म्हण," मी म्हटलं.

आजही तेच सांगेन. शांतता राखायला माणूस पाठवायचा, हात बांधून पाठवायचा आणि नंतर हात का हलवले नाहीत म्हणून त्यालाच उभा करायचा, हा कुठला न्याय? मला माझा भाऊ नोकरीत हवा होता. त्याची दोन पोरं अजून शाळेत आहेत.

तो नुसता चिमटे लावत राहिला.

देखाव्याच्या संध्याकाळी मी आधीच भडकलेली होते. गावकरी झालेल्या आमच्या बायापोरांनी तोंडाला काजळ फासलं होतं. मंडपामागे जाऊन मी एकेकाला तोंड धुवायला लावलं. तिथली माणसं म्हणजे काय सोंगं आहेत का? फळांच्या पेट्यांच्या फळ्या ठोकून उंच दार केलं होतं, अलीकडून कडी लावलेलं. पलीकडे दाटीवाटीनं सगळे उभे होते. शेजारची सून तर कडेवर आपलं तान्हं घेऊन.

तेवढ्यात मुकादमांनी माइक हातात घेतला. "आज दार खरा जवान उघडणार!"

विचारायची पद्धत त्यांच्याकडे नाहीच. कुणीतरी बाइकचं हेल्मेट निळं रंगवलं होतं, ते भावाच्या डोक्यात बसवलं. मी मानेनं नको नको म्हणत होते. पण पहिल्या रांगेतून नव्या लुगड्यातली आई म्हणाली, "जा की रं बाळा," आणि तो गेला.

दाराकडे पाठ करून तो उभा राहिला. मागून थापा सुरू झाल्या. "वाचवा, वाचवा!" बायकांना मनापासून ओरडायची संधी रोज थोडीच मिळते. निवेदनाचा भारदस्त आवाज म्हणाला, "आणि जवानाने दार उघडले!" तुताऱ्या वाजल्या. भाऊ हलला नाही.

लोक हसले. "कडी वरच्या अंगाला हाय, भावा!" कुणीतरी ओरडलं. निवेदन पुढे गेलं, गावकरी आत आले, त्यांना पाणी मिळालं, जयजयकार झाला आणि दार बंदच. पलीकडे फळ्यांमागे उकाड्यानं जीव चालला होता. तान्हं रडायला लागलं. "भाऊजी, उघडा ना," शेजारची सून आता खरंच कळवळून सांगत होती, "पोरगं घामानं भिजलंय माझं." भावाच्या मुठी मांडीशी घट्ट मिटलेल्या होत्या आणि डोळे आमच्यापैकी कुणाकडेच नव्हते. मुकादमांनी रेकॉर्ड बंद करायला लावलं. मग हसणंही थांबलं. नुसत्या थापा आणि त्या पोराचं रडणं.

शेवटी आई उठली. गुडघ्यावर हात टेकत स्टेजवर चढली आणि कडी काढली. शेजारची सून बाहेर आली ती भावाकडे रागानं बघत. आईनं त्याच्या डोक्यावरचं हेल्मेट उतरवलं आणि हाताला धरून त्याला घरी आणलं.

घरी तो तांब्याभर पाणी प्यायला. "आई, समदं ऐकू येत व्हतं," म्हणाला आणि त्यानं तिला सगळं सांगितलं, चौकशीसकट, आलेल्या निरोपासकट.

आईनं त्याच्या हातातला तांब्या घेतला. मग म्हणाली, "तसंच सांग त्यास्नी."

"अगं, नोकरी जाईल त्याची!" मी किंचाळलेच.

"गेली तर जाईल. त्याच्या बापानं मार्केटात वझी उचलून तुमाला वाढवलंच की."

वझी उचलून बापाच्या मानेचं काय झालं होतं ते मी पाहिलं होतं. शेवटी त्याला घास गिळताना मान वर करता येत नव्हती. त्या दिवशी मी आईला नको नको ते बोलले. भाऊ आमच्या दोघींच्या मध्ये बसून होता, पण तो माझं ऐकत नव्हता, हे मला दिसत होतं.

रजा संपवून तो परत गेला. जबानी झाल्यावर त्याचा फोन आला.

"सांगितलं, आक्का. थापा ऐकू येत व्हत्या म्हणून सांगितलं. हुकूमबी सांगितला."

"मग?"

"हुकमाचं त्यांनी लिहूनच घेतलं न्हाय. एवढंच इचारलं, ऐकू येत व्हतं तर उघडलं का न्हाईस?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्यांनी दार बंद ठेवायला लावलं, त्यांच्याच गोतावळ्यातले लोक हे विचारत होते. तोंडाला येतील तेवढ्या शिव्या मी फोनवर घातल्या. त्यानं सगळ्या ऐकून घेतल्या.

"नको, आक्का," तो म्हणाला. "प्रश्न बराबर हाय."