शंभुलिंग टेलरचा डोंगर

आमच्या ढोकीत घराबाहेर निघालेल्या माणसाला "कुठं?" असं विचारत नाहीत. विचारलं की काम होत नाही म्हणे. अगदीच राहवलं नाही तर "लांब का?" म्हणायचं. समोरचा "व्हय, जरा लांब" म्हणतो, "येतो" म्हणतो आणि जातो. आता या उत्तरातून कुणाला काय कळतं, हे मला इतकी वर्षं किराणा दुकान चालवूनही समजलेलं नाही. पण बोलायची सोय नाही. चुकून "कुठं" तोंडातून निघून गेलं तर माणूस तिथूनच मागे फिरतो, घरी जाऊन पाणी पितो, पुन्हा निघतो आणि दिवसभर आपल्या नावानं बोटं मोडतो.

माझ्या दुकानासमोर शंभुलिंगचं शिलाईचं दुकान होतं. शाळेचे गणवेश शिवायचा. मान खाली, पाय मशीनवर, तोंडात दोरा, असा त्याचा सगळा जन्म गेला. चाळिशी ओलांडल्यावर डॉक्टरांनी साखर सांगितली आणि रोज चाला म्हणाले. दुसरा कुणी चार दिवस कारखान्याच्या रस्त्याला हिंडला असता आणि पुन्हा खुर्चीत बसला असता. शंभुलिंगच्या मनानं मात्र डोंगर घेतला.

बार्शीला कापड आणायला जाताना येडशीच्या घाटात एसटीच्या खिडकीतून त्याला रामलिंगचं जंगल दिसायचं. देवळापर्यंत तो लहानपणापासून गेलेला होता. श्रावणात सगळेच जातात, माकडांना केळी देतात आणि परत येतात. पण देवळामागून झाडीत शिरणारी पायवाट वर कुठं जाते, हे त्याला बघायचं होतं. "सिद्धेश्वर, आपण सगळे पायथ्यालाच पाया पडून माघारी येणारी माणसं," असं मला म्हणायचा आणि हसायचा.

तयारी काय विचारता! पावसाळ्यात घसरण, उन्हाळ्यात पाणी नाही, म्हणून दिवाळीनंतरची थंडी धरली. पहाटेची एसटी, उन्हाच्या आत चढण, वरच्या माळावर भाकरी, आणि माथा आला नाही तरी दुपारी मागं फिरायचं, हा नियम त्यानं मला दहादा ऐकवला. कॅनव्हासचे बूट घेतले. ते चावू नयेत म्हणून महिनाभर दुकानातच घालून मशीन चालवली. गणवेशाच्या उरलेल्या खाकी कापडाची पाठीवरची पिशवी शिवली, तिला दोन्ही बाजूंना पाण्याच्या बाटल्यांचे कप्पे. अशी पिशवी मी कुठल्याच दुकानात पाहिलेली नाही. मी त्याची टर उडवायचो. हिमालयाला निघालास काय म्हणायचो. तो नुसता हसायचा. इतका आनंदात तो लेकीच्या बारशालाही नव्हता.

दूध डेअरीवाला उत्तरेश्वर सोबत येणार होता. पण येडशीच्या जंगलात वाघ आल्याचं गावभर झालं आणि उत्तरेश्वर नको म्हणायला लागला. मग शंभुलिंगनं त्याची समजूत काढायला तुळजापूरकडचा डोंगर सुचवला. तिकडं झाडी कमी, पण भीती नाही. उत्तरेश्वर हो म्हणाला आणि ऐन वेळी मेव्हण्याच्या लग्नाचं निमित्त काढून मोकळा झाला. आता एकट्यानं जायचं, तर डोंगर कुठला हे शंभुलिंगचं त्याच्यापाशीच राहिलं.

त्या दिवशी मी मालाला लातूरला गेलो होतो. पुढचं मला त्याच्या बायकोनं, सत्यभामावहिनींनी सांगितलं. वहिनींनी भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली. शंभुलिंग उंबऱ्यात बूट बांधत होता. त्याची आई नागूबाई तिथंच बसलेली. म्हातारीचा रिवाजावर भारी जीव.

"लांब हाय का रं, शंभू?"

"व्हय आये, जरा लांबच. दिवस मावळायला येतो."

वहिनींना राहवलं नाही. "आवं, कु..." एवढं बाहेर पडलं, तोच सासूनं डोळे वटारले. शब्द तोंडातच राहिला. शंभुलिंग दोघींकडे बघून हसला, येतो म्हणाला आणि गेला. तो गल्लीच्या वळणावर पोचला तेव्हा वहिनींना दिसलं, की त्याचा मोबाइल भिंतीलाच चार्जिंगला लागलेला राहिलाय. त्या दारात धावल्या.

"मागनं हाक मारू नकू!" नागूबाई ओरडली. निघालेल्याला मागून हाक मारणं त्याहून वाईट. वहिनी मोबाइल हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि एसटी गेल्याचा आवाज ऐकून आत आल्या.

दिवस मावळला. जेवणं झाली. शंभुलिंग आला नाही.

मग गल्लीच्या तोंडचं पाणी पळालं. लेक हर्षालीनं बापाचा मोबाइल उघडला. त्यात येडशीचा नकाशा होता आणि तुळजापूरचाही. आणि उत्तरेश्वर छातीवर हात ठेवून सांगत होता, "वाघामुळं येडशी रद्द केलं हुतं आमी. शंभूदादा तुळजापूरकडंच गेलाय, माझ्यासमोर ठरलंय." त्यानं खोटं सांगितलं नाही. त्याच्यासमोर तसंच ठरलं होतं. दोन जीपगाड्या करून आम्ही तुळजापूरकडे गेलो. पोलीस आले, तिथल्या वाड्यांमधले लोक आले. दऱ्या बघितल्या, विहिरी बघितल्या, हाका मारून घसे बसले. दुसऱ्या दिवशीही तेच. सगळा गाव राबला आणि चुकीच्या डोंगरावर राबला. ते आठवलं की मला अजून डोकं आपटून घ्यावंसं वाटतं.

तिसऱ्या दिवशी रामलिंगच्या वरच्या अंगाला सरपण गोळा करणाऱ्या बायकांना तो सापडला. मुरमाड उतारावरून पाय सटकून कोरड्या ओढ्यात पडला होता. मांडीचं हाड मोडलं होतं. वाघानं काय, मुंगीनंही त्याला हात लावला नव्हता. अंगातला सदरा फाडून त्यानं पाय करकचून बांधला होता, आणि गाठ इतकी नेटकी की सोडताना डॉक्टरांना कात्री लागली. जीव आदल्या रात्री कधीतरी गेला असावा, असं ते म्हणाले. म्हणजे आम्ही तुळजापूरच्या डोंगरात हाका मारत होतो तेव्हा शंभुलिंग इकडे जिवंत होता आणि बहुतेक तोही हाका मारत होता.

आम्ही तिथं पोचल्यावर पोलिसांनी खाकी पिशवी माझ्याच हातात दिली. बाटल्या कोरड्या होत्या. फडक्यात अर्धी भाकरी होती, वाळून कडक झालेली. कुणीतरी शोधत येईल याची खात्री असलेला माणूसच भाकरी अशी पुरवून खातो. आम्ही येणार हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. ती भाकरी मी वहिनींना दाखवली नाही, ओढ्यातच सोडून आलो.

दिवसकार्याला घर भरलं होतं. नागूबाई कोपऱ्यात बसून कुणी भेटायला आलं की एकच बोलायची, आणि त्या दिवशी ती सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलली.

"निघत्या माणसाला हिनं कुठं म्हणलं. ह्या कानांनी ऐकलं म्या. माझं लेकरू त्या एका शब्दानं गेलं."

सत्यभामावहिनी इतके दिवस नुसत्या रडत होत्या. त्या उठून सासूसमोर येऊन बसल्या.

"अर्धंच म्हणले, आत्या. तुमच्याकडं बघून गप बसले. पुरं इचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. माझ्यापासनं कवा काय लपवलंय त्यांनी? एका शब्दात सांगितलं असतं, अन् आपण त्याच रातीला येडशीला गेलो असतो. मोडक्या पायाचा का हुईना, घरी असता."

नागूबाईनं पदर तोंडात कोंबला. मला वाटलं, आता तरी कुणीतरी वहिनींच्या बाजूनं बोलेल. हर्षाली आईजवळ सरकली. बाकी कुणी हललं नाही. भिंतीकडच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. मग त्यातली एक शेजारणीच्या कानाशी लागली, पण मला स्पष्ट ऐकू आलं.

"म्हंजे म्हणली व्हती तर. कबूल केलं बघ तिनं."

शेजारणीनं मान डोलावली आणि दोघी चहा घ्यायला उठल्या.